डीएनएवरून एम-आरएनए कसा लिहावा: बीटा-ग्लोबिन जनुकाच्या आधाराने पायरीपायरीने

दहावीच्या विज्ञानात प्रतिलेखनाची, म्हणजे डीएनएवरून एम-आरएनए ही नक्कल तयार होण्याची, प्रक्रिया एका परिच्छेदात आटोपते आणि बारावीला तीच प्रक्रिया कित्येक पाने व्यापून समोर उभी राहते. मधल्या काळात अनेकांचे माध्यम बदललेले असते. प्रतिलेखन आणि भाषांतरण (एम-आरएनएवरून प्रथिन घडणे) हे ऐकताच वेगळे वाटणारे शब्द जाऊन त्यांच्या जागी ट्रान्स्क्रिप्शन आणि ट्रान्स्लेशन ही जुळ्या भावंडांसारखी नावे येतात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. मला बारावीच्या घटक चाचणीत एक छोटी साखळी देऊन तिच्यावरून एम-आरएनए लिहायला सांगितले होते. मी प्रत्येक अक्षराची जोडी अचूक लावली, डीएनएतील टी या अक्षराऐवजी आरएनएमध्ये यू येतो, तो लिहायलाही विसरलो नाही, आणि तरीही उत्तराला शून्य गुण मिळाले. कारण दिलेली साखळी साचा, म्हणजे जिच्यावरून नक्कल होते ती, नव्हतीच. पुढे काही वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना माझ्या लक्षात आले की या प्रकरणातील बहुतेक चुका रसायनशास्त्राच्या नसतात. साखळी कोणती आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला, हे न ठरवता लिहायला बसल्यामुळे त्या होतात.

म्हणून येथे मनाने रचलेली साखळी घेतलेली नाही. आपल्या ११व्या गुणसूत्रावर असलेले आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे बीटा-ग्लोबिन हे खरे जनुक घेऊन सर्व पायऱ्या दाखवल्या आहेत.

जवळ काय असावे

गणिताची चौकटींची वही घ्यावी, म्हणजे एका चौकटीत एकच अक्षर बसते आणि वरच्या-खालच्या जोड्या सरकत नाहीत. दोन रंगांची पेने असावीत: डीएनएसाठी एक, आरएनएसाठी दुसरे. तिसरी वस्तू म्हणजे ६४ त्रिक संकेतांचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांवरून अमिनो आम्ल ओळखण्याचा, तक्ता. तो उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी हरगोविंद खुराना यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. हा तक्ता एम-आरएनएच्या अक्षरांत असतो, डीएनएच्या नव्हे. त्यात टी हे अक्षर सापडत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. माध्यम बदललेल्यांनी दहावीचे मराठी पुस्तक टाकून न देता शेजारी ठेवावे, कारण मूळ कल्पना तिथे सरळ शब्दांत मांडलेली आहे.

१. आधी टोके लिहा, मग अक्षरे

डीएनएच्या साखळीतील प्रत्येक शर्करेत पाच कार्बन असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात. साखळीच्या एका टोकाला पाचव्या कार्बनवरील फॉस्फेट मोकळे असते, ते ५′ टोक. दुसऱ्या टोकाला तिसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट मोकळा असतो, ते ३′ टोक. हे क्रमांक ‘पाच प्राइम’ आणि ‘तीन प्राइम’ असे वाचतात. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे एकीचे ५′ टोक जिथे असते तिथे दुसरीचे ३′ टोक असते.

कागदावर एकही अक्षर लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजूंना ही टोके लिहून टाकावीत. प्रश्नपत्रिकेत ती दिली नसतील, तर गृहीत धरलेली दिशा उत्तरात एका वाक्यात नमूद करावी. टोकांशिवाय लिहिलेल्या उत्तराला अर्थ उरत नाही, कारण ए-टी-जी हीच तीन अक्षरे उलटीकडून वाचली की जी-टी-ए होतात आणि तो पूर्णपणे वेगळा मजकूर असतो.

२. साचा कोणता आणि कोडिंग साखळी कोणती, हे ठरवा

बीटा-ग्लोबिन जनुकात प्रथिनाचा मजकूर जिथे सुरू होतो, तिथली पहिली २४ अक्षरे अशी आहेत:

कोडिंग साखळी: ५′ एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी ३′

साचा साखळी: ३′ टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी ५′

वाचायला सोपे जावे म्हणून तीन-तीन अक्षरांनंतर जागा सोडली आहे. प्रत्यक्ष डीएनएमध्ये अशी कोणतीही फट नसते.

एम-आरएनए तयार करणारे विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेझ, या दोहोंपैकी फक्त साचा साखळी वाचते. कोडिंग साखळीला ते हात लावत नाही. तरीही तिला कोडिंग म्हणण्याचे कारण असे, की तयार झालेला एम-आरएनए टीच्या जागी यू हा फरक सोडल्यास हुबेहूब तिच्यासारखा दिसतो. जिच्यावरून नक्कल होते ती एक आणि जिच्यासारखी नक्कल दिसते ती दुसरी, या विरोधाभासातच विद्यार्थी अडकतात. मीही तिथेच अडकलो होतो. रबरी शिक्क्याचे उदाहरण मला उपयोगी पडले. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात आणि कागदावर उमटलेली सुलटी. साचा साखळी म्हणजे शिक्का, एम-आरएनए म्हणजे कागदावरचा ठसा, आणि कोडिंग साखळी म्हणजे ज्या मूळ मजकुरावरून शिक्का कोरला तो मजकूर.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. काही पुस्तके साचा साखळीला अँटिसेन्स आणि कोडिंग साखळीला सेन्स म्हणतात. कोणत्याही पुस्तकात नवे नाव आढळले, तर विकर तिला वाचते की नाही, एवढा एकच प्रश्न विचारावा.

त्याहून मोठा सापळा असा, की संपूर्ण गुणसूत्रासाठी एकच साखळी साचा ठरलेली असते, असे अनेकांना वाटते. तसे नसते. एका जनुकासाठी जी साखळी साचा असते, तीच शेजारच्या जनुकासाठी कोडिंग असू शकते. मानवी जनुकसंचाच्या माहितीसाठ्यात बीटा-ग्लोबिन शोधले, तर ते गुणसूत्राच्या प्रमाण म्हणून दाखवलेल्या साखळीच्या उलट दिशेने मांडलेले दिसते. मी ते प्रथम पाहिले तेव्हा चुकीचे जनुक उघडले असे समजून खिडकी बंदच केली होती.

३. सुरुवात नेमकी कुठे होते, ते शोधा

जनुकाच्या अलीकडे प्रवर्तक नावाचा पट्टा असतो, ज्यावर विकर येऊन बसते. पुस्तकात ‘प्रवर्तक ५′ बाजूला असतो’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती बाजू कोडिंग साखळीची असते. साच्याच्या दृष्टीने पाहिल्यास तो ३′ बाजूला येतो. हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवावे, कारण यावर वस्तुनिष्ठ प्रश्न हमखास विचारला जातो.

जीवाणूंमध्ये एकच आरएनए पॉलिमरेझ असते, आणि सिग्मा नावाचा घटक त्याला प्रवर्तकाची जागा ओळखून देतो. ही ओळख सुरुवातीच्या सुमारे १० आणि ३५ अक्षरे अलीकडे असलेल्या दोन खुणांवरून पटते. आपल्या पेशींच्या केंद्रकात अशी तीन विकरे असतात. पहिले बहुतांश रायबोझोमल आरएनए घडवते आणि तिसरे टी-आरएनए व काही लहान आरएनए घडवते. एम-आरएनएचे काम दुसऱ्याकडे असते. हे दुसरे विकर एकट्याने जागा शोधू शकत नाही. आधी मदतनीस प्रथिनांचा ताफा प्रवर्तकावर जमतो आणि मगच त्याला बसायला जागा मिळते. बीटा-ग्लोबिनच्या बाबतीत हा ताफा सुरुवातीच्या साधारण ३० अक्षरे अलीकडे असलेल्या सी-ए-टी-ए-ए-ए-ए या खुणेवर जमतो. या खुणेतील एखादे अक्षर जरी बदलले, तरी प्रथिनाचा मजकूर शाबूत असूनही एम-आरएनए कमी तयार होतो आणि बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी पडल्याने होणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, सौम्य प्रकार उद्भवू शकतो. जनुक शाबूत असणे आणि जनुक वाचले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

एक चूक येथे हुशार मुलेही करतात: एम-आरएनए एयूजी या संकेतापासूनच सुरू होतो, असे ती धरून चालतात. प्रत्यक्षात एयूजी ही भाषांतरणाची सुरुवात आहे, प्रतिलेखनाची नव्हे. बीटा-ग्लोबिनच्या एम-आरएनएमध्ये एयूजीच्या आधी ५० अक्षरे असतात. त्यांचे प्रथिनात रूपांतर होत नाही, पण ती लिहिली मात्र जातात. वर दिलेली २४ अक्षरे म्हणजे एम-आरएनएचा प्रारंभ नसून त्याच्या आतला एक तुकडा आहे.

४. आता प्रत्यक्ष लिहा

वहीत साचा साखळी ३′ टोक डावीकडे ठेवून मांडावी आणि दुसऱ्या रंगाच्या पेनाने तिच्याखाली जोड्या लावाव्यात. साच्यात ए असेल तर यू, टी असेल तर ए, जी असेल तर सी आणि सी असेल तर जी.

एम-आरएनए: ५′ एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी ३′

साच्यातल्या टीसमोर ए येतो, हे अनेकांच्या ध्यानातून निसटते. आरएनएमध्ये टी नसतो, एवढेच पाठ केलेले असल्यामुळे मुले टी दिसला की त्याच्याखाली यू लिहून मोकळी होतात. टीचा यू ही अदलाबदल कोडिंग साखळीवरून नक्कल करताना चालते, साच्यावरून लिहिताना नव्हे.

परीक्षक कधीकधी साचा मुद्दाम उलटा, म्हणजे ५′ टोक डावीकडे ठेवून देतात. समजा, ५′ सीएटी ३′ असा साचा दिला. जो घाईने सरळ खाली जोड्या लावतो त्याला जी-यू-ए मिळते. तो ते डावीकडून वाचतो आणि तक्त्यात व्हॅलिन शोधतो. खरे उत्तर ५′ एयूजी ३′, म्हणजे मेथिओनिन, हे आहे. म्हणून असा साचा दिसताच तो प्रथम उलटा करून ३′ टीएसी ५′ असा नव्याने लिहून घ्यावा, आणि मगच जोड्या लावाव्यात. या एका जादा ओळीला अर्धे मिनिट लागते.

ही दिशा इतकी पक्की का, हे समजले की पाठांतराची गरज राहत नाही. वाढत्या आरएनएच्या ३′ टोकावरचा हायड्रॉक्सिल गट नव्याने आलेल्या न्यूक्लिओटाइडच्या तीन फॉस्फेटांपैकी सर्वांत आतल्या फॉस्फेटला जोडला जातो, बाहेरचे दोन फॉस्फेट सुटून जातात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर बंध पक्का होतो. नवे अक्षर नेहमी ३′ टोकालाच चिकटू शकते, म्हणून आरएनए ५′ कडून ३′ कडे वाढतो. आणि साखळ्या परस्परविरुद्ध असल्यामुळे साचा ३′ कडून ५′ कडे वाचावा लागतो. डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराला आधी एक छोटा प्रारंभक तुकडा लागतो, तसा या विकराला लागत नाही; ते पहिले अक्षर स्वतःच ठेवते. त्याच्या पोटात डीएनएची सुमारे १२ ते १४ जोड्यांएवढी गाठ तात्पुरती सुटलेली असते आणि विकर पुढे सरकताच मागची गाठ पुन्हा बसते. त्यामुळे संपूर्ण जनुक चेनसारखे उघडून ठेवलेले दाखवणारी आकृती काढू नये.

वेगाचा अंदाज असलेला बरा. आपल्या पेशीतील विकर मिनिटाला साधारण दोन ते चार हजार अक्षरे लिहिते. बीटा-ग्लोबिनचे जनुक जेमतेम १६०० अक्षरांचे असल्यामुळे त्याचे काम मिनिटाच्या आसपास आटोपते. स्नायूंतील डिस्ट्रोफिनचे जनुक मात्र सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे, आणि त्याची एक प्रत पूर्ण व्हायला जवळजवळ १६ तास लागतात.

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे औषध याच पायरीवर घाव घालते. ते जीवाणूच्या आरएनए पॉलिमरेझला चिकटते आणि दोन-तीन अक्षरांनंतर साखळी पुढे सरकूच देत नाही. आपल्या केंद्रकातील विकरांची घडण वेगळी असल्यामुळे त्यांना या औषधाचा तसा उपद्रव होत नाही.

५. थांबण्याची खूण आणि स्टॉप संकेत यांची गल्लत करू नका

जीवाणूंमध्ये प्रतिलेखन दोन प्रकारे थांबते. एक तर आरएनए स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा आकार घेतो आणि सुटतो, किंवा ऱ्हो नावाचे प्रथिन त्याला ओढून सोडवते. आपल्या पेशींत विकर जनुकाच्या शेवटाच्याही पुढे लिहीत जाते. ए-ए-यू-ए-ए-ए ही खूण आरएनएमध्ये उमटली की तिच्यापुढे १० ते ३० अक्षरांवर आरएनए कापला जातो आणि विकर त्यानंतर केव्हातरी डीएनएवरून उतरते.

यूएए, यूएजी आणि यूजीए हे तीन स्टॉप संकेत या कामात कुठेही येत नाहीत. ते एम-आरएनए वाचून प्रथिन घडवणाऱ्या रायबोझोमसाठी असतात. विकर त्यांच्यावरून इतर अक्षरांसारखेच पुढे निघून जाते.

६. केंद्रकातून बाहेर पडण्यापूर्वीची साफसफाई

जीवाणूंमध्ये केंद्रक नसल्यामुळे एम-आरएनएचे एक टोक अजून लिहिले जात असतानाच दुसऱ्या टोकावर रायबोझोम कामाला लागलेले असतात. आपल्याकडे मात्र विकराने लिहिलेला पहिला मसुदा तसाच वापरता येत नाही. त्याला एचएन-आरएनए म्हणतात आणि त्याच्यावर तीन संस्कार होतात.

पहिली टोपी. साखळी २०-३० अक्षरांची होते न होते तोच तिच्या ५′ टोकावर मिथाइल गट असलेला ग्वानोसिन उलटा जोडला जातो. पुस्तकातील आकृतीमुळे हे काम प्रतिलेखन संपल्यावर होते असा समज होतो, तो चुकीचा आहे.

दुसरे शेपूट. कापलेल्या ३′ टोकाला ए या अक्षराची सुमारे २०० जणांची रांग जोडली जाते. तिच्यासाठी डीएनएच्या साच्यात टीची तेवढीच लांब रांग असेल असे समजून मी एका संध्याकाळी बीटा-ग्लोबिनचे संपूर्ण जनुक चाळले होते. ती रांग तिथे नसतेच. एक वेगळे विकर कोणत्याही साच्याशिवाय हे शेपूट लावते.

तिसरे काम म्हणजे स्प्लायसिंग, म्हणजे मधले तुकडे कापून उरलेले जोडणे, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. जनुकातील मजकूर सलग नसतो, ही गोष्ट १९७७ साली उघड झाली आणि तिच्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल मिळाले. बीटा-ग्लोबिनमध्ये तीन एक्झॉन (एम-आरएनएमध्ये राहणारे तुकडे) आणि त्यांच्यामध्ये दोन इंट्रॉन (कापून टाकले जाणारे तुकडे) आहेत. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. दोन्ही काढून एक्झॉन जोडले की १६०० पैकी सव्वासहाशेच्या आसपास अक्षरे उरतात, आणि त्यांतील ४४४ अक्षरे प्रथिनाच्या मजकुराची, स्टॉप संकेत धरून, असतात.

कात्री कुठे चालवायची, हे इंट्रॉनच्या दोन टोकांवरून ठरते. डीएनएच्या भाषेत बहुतेक इंट्रॉन जी-टी ने सुरू होतात आणि ए-जी ने संपतात. बीटा-ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात जीटीटीजीजी अशी आहे. त्यातील पाचव्या स्थानी असलेल्या जीचा सी होणे, हा भारतातील बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा बदल आहे. येथे प्रवर्तक ठीक असतो, एक्झॉनमधले अक्षरही बदललेले नसते आणि सुरुवातीचे जी-टी सुद्धा जागेवर असतात; तरी कापण्याची जागा नीट ओळखू येत नाही, पेशी आसपासच्या चुकीच्या जागी कात्री चालवते आणि योग्य एम-आरएनए फार थोडा तयार होतो. ‘इंट्रॉन म्हणजे निरुपयोगी भाग’ असे ज्यांच्या वहीत लिहिलेले आहे, त्यांनी ते खोडावे.

मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा: परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसते, मग तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रतिलेखन कसे होते? उत्तर असे, की ते तिच्यात होतच नाही. अस्थिमज्जेत तिच्या पूर्वज पेशीला केंद्रक असते तेव्हाच हे काम उरकलेले असते, आणि केंद्रक बाहेर टाकल्यानंतरही टिकाऊ ग्लोबिन एम-आरएनए काही काळ रायबोझोमना मजकूर पुरवत राहतो.

७. उत्तर तपासून पाहा

लिहिलेला एम-आरएनए कोडिंग साखळीशेजारी ठेवावा. टी आणि यू सोडून एकाही अक्षरात फरक दिसला, तर पायरी २ वर परतावे. मग तक्ता घेऊन संकेत वाचावेत. आपल्या तुकड्यातून मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन आणि दोन वेळा ग्लुटामिक आम्ल असा क्रम मिळायला हवा.

आता त्याच तुकड्यात सिकलसेलचा बदल करून पाहावा. विदर्भातील गडचिरोली किंवा उत्तर महाराष्ट्रातील नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत हा आजार अनेक कुटुंबांना ओळखीचा आहे, त्यामुळे हे उदाहरण कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचेच असते. कोडिंग साखळीतील पहिल्या जीएजीचे जीटीजी होते, साच्यात सीटीसीचे सीएसी होते, आणि एम-आरएनएमध्ये जीएजीचे जीयूजी होऊन ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एका पुस्तकात ‘एच्या जागी टी’ आणि दुसऱ्यात ‘टीच्या जागी ए’ असे लिहिलेले आढळले, तर दोघांपैकी एक चुकले असे मानू नये. पहिले कोडिंग साखळीबद्दल बोलत आहे आणि दुसरे साच्याबद्दल.

राहिला क्रमांकाचा घोळ. पुस्तकात हा बदल सहाव्या अमिनो आम्लात झाला असे म्हणतात, पण तुम्ही मोजाल तेव्हा तो सातव्या संकेतावर सापडेल. प्रथिन तयार होताना सुरुवातीचे मेथिओनिन काढून टाकले जाते आणि जुन्या पद्धतीत उरलेल्या साखळीची मोजणी व्हॅलिनपासून सुरू होते. नव्या जनुकीय अहवालांत मात्र मेथिओनिन धरून मोजतात, म्हणून तिथे सात हा आकडा छापलेला असतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकाप्रमाणे सहावे असे लिहावे, आणि संकेत मोजायला सांगितले असतील तर एयूजी धरून सातवा असे स्पष्ट लिहावे.